ईडब्ल्यूएस बंद होण्याआधी: संस्थेच्या ॲडमिनसाठी कामाचा क्रम

ईडब्ल्यूएस म्हणजे बाहेरच्या प्रोग्रॅमना मेलबॉक्स उघडू देणारी मायक्रोसॉफ्टची जुनी सोय, आणि ती बंद होते आहे. तुमच्या संस्थेचं ईमेल मायक्रोसॉफ्ट 365 वर असेल आणि ‘ते ईडब्ल्यूएसचं तेवढं बघून टाका’ म्हणत कुणी हे काम तुमच्या गळ्यात घातलं असेल, तर आधी एक लक्षात घ्या: यातला प्रोग्रॅमिंगचा भाग लहान आहे. खरं काम आहे ते तुमच्या मेलबॉक्सना कोण कुठून हात घालतंय हे शोधण्याचं, आणि त्या प्रत्येक जोडणीला एक मालक मिळवून देण्याचं. बहुतेक ठिकाणी याच्या उलट होतं. सगळ्यांना ठाऊक असलेला एक प्रोग्रॅम डेव्हलपर उत्साहाने पुन्हा लिहायला घेतात आणि कुणालाच ठाऊक नसलेले बाकीचे शेवटच्या दिवसापर्यंत तसेच पडून राहतात.

नेमकं काय बंद होतंय

ईडब्ल्यूएस म्हणजे एक्स्चेंज वेब सर्व्हिसेस. एक्स्चेंज सर्व्हर 2007 बरोबर ही सोय आली. बाहेरच्या प्रोग्रॅमला मेल, कॅलेंडर, संपर्क आणि टास्क वाचता-लिहिता यावेत म्हणून ठेवलेला हा एपीआय, म्हणजे प्रोग्रॅमांनी एकमेकांशी बोलायचा ठरलेला मार्ग. त्याचा सगळा व्यवहार एसओएपी या जुन्या पद्धतीच्या एक्सएमएलमध्ये, म्हणजे खुणांनी बांधलेल्या मजकुरात, चालतो. जुलै 2018 मध्ये मायक्रोसॉफ्टने सांगितलं की एक्स्चेंज ऑनलाइनमधल्या, म्हणजे मायक्रोसॉफ्ट 365 च्या क्लाउडवरच्या मेलसेवेतल्या, ईडब्ल्यूएसमध्ये यापुढे नवीन सुविधा येणार नाहीत. मग सप्टेंबर 2023 मध्ये तारीखच जाहीर केली: 1 ऑक्टोबर 2026 पासून एक्स्चेंज ऑनलाइनमध्ये हा मार्ग बंद करायला सुरुवात. त्याची जागा घेणार मायक्रोसॉफ्ट ग्राफ हा नवा एपीआय. तुमच्या टेनंटला (मायक्रोसॉफ्ट 365 मधल्या तुमच्या संस्थेच्या स्वतंत्र जागेला) कोणता टप्पा कधी लागू होतो ते ॲडमिन सेंटरमधल्या मेसेज सेंटरवर येत राहतं, तेव्हा ते पान कुणीतरी दर आठवड्याला उघडून वाचायचं, हे आजच ठरवा.

वरिष्ठांनी ‘चालू आहे ते कशाला बंद करतायत’ असं विचारलं तर उत्तर तयार ठेवा. जानेवारी 2024 मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतःवरच्याच एका हल्ल्याची माहिती जाहीर केली. मिडनाइट ब्लिझार्ड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टोळीने एका जुन्या चाचणी टेनंटमधलं, एमएफए (पासवर्डसोबतची दुसरी पडताळणी) नसलेलं खातं पासवर्ड स्प्रेने, म्हणजे अनेक खात्यांवर तेच नेहमीचे पासवर्ड आजमावून, फोडलं. तिथल्या एका जुन्या ओऑथ ॲपचा (पासवर्डऐवजी टोकन, म्हणजे मुदतीचा प्रवेशपास, वापरणाऱ्या ॲपचा) आधार घेत ती पुढे सरकली आणि ‘फुल ॲक्सेस ॲज ॲप’ ही ईडब्ल्यूएसची परवानगी मिळवून तिने अधिकाऱ्यांचे मेल वाचले. ही परवानगी एकदा मिळाली की ॲपला टेनंटमधले सगळे मेलबॉक्स खुले होतात. फक्त कॅलेंडर द्या, मेल नको, अशी काटछाट तिच्यात नाही. तुमच्याकडे ही परवानगी किती ॲपना दिलेली आहे? बहुधा कुणालाच पटकन सांगता येणार नाही.

काय बंद होत नाही, तेही स्पष्ट असू द्या, नाहीतर हेल्पडेस्कवर नसती घबराट माजते. स्वतःच्या जागेतल्या एक्स्चेंज सर्व्हरवरचं ईडब्ल्यूएस या घोषणेत येत नाही. फोनवरचं मेल बहुतेक वेळा ॲक्टिव्हसिंकवर (फोनसाठीच्या वेगळ्या जोडणीवर) किंवा आउटलुक ॲपवर चालतं, त्याचा इथे संबंध नाही. आयमॅप, पॉप, एसएमटीपी या मेल आणण्या-पाठवण्याच्या पद्धतींची प्रकरणं वेगळी आहेत. आणि हमखास होणारा एक गोंधळ: ‘आमचं ते 2022 लाच झालं.’ ऑक्टोबर 2022 पासून बंद होत गेलं ते बेसिक ऑथेंटिकेशन, म्हणजे नुसत्या युजरनेम-पासवर्डने आत शिरणं. तेव्हा अनेकांनी लॉगिनची पद्धत ओऑथवर नेली आणि मागचं ईडब्ल्यूएस तसंच ठेवलं. ते सगळे आता या यादीत आहेत.

पहिली पायरी: यादी

सुरुवात मायक्रोसॉफ्ट 365 ॲडमिन सेंटरमधल्या वापराच्या अहवालांपासून करा. तिथे एक्स्चेंजखाली ईडब्ल्यूएस वापराचा अहवाल आहे. कोणता ॲप आयडी, कोणती क्रिया, किती वेळा, शेवटचा वापर कधी, एवढं त्यात दिसतं. तो उतरवून घ्या आणि दर आठवड्याला पुन्हा उतरवा, कारण एकाच वेळचा अहवाल म्हणजे अलीकडच्या काळापुरतंच चित्र.

एक ओळ जवळून बघू. छत्तीस अक्षरांचा एक ॲप आयडी, नाव काही नाही. क्रिया ‘सिंकफोल्डरआयटम्स’ आणि ‘गेटआयटम’, म्हणजे फोल्डरमधले बदल आणणं आणि मेल उघडणं, संख्या भरपूर. हा आयडी एन्ट्राच्या, म्हणजे खाती आणि परवानग्या सांभाळणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सेवेच्या, ॲडमिन सेंटरमध्ये एंटरप्राइज ॲप्लिकेशन्समध्ये टाकून शोधायचा. ‘टेस्ट ॲप नवीन 2’ असलं काहीतरी नाव निघतं, मालकाची जागा रिकामी. मग त्याचे साइन-इन लॉग उघडायचे. इथे नवखा माणूस हमखास अडकतो: पहिल्या टॅबमध्ये फक्त माणसांचे साइन-इन असतात. स्वतःच्या ओळखीवर चालणाऱ्या ॲपची नोंद सर्व्हिस प्रिन्सिपलच्या वेगळ्या टॅबमध्ये पडते, आणि युजरच्या वतीने पार्श्वभूमीत चालणाऱ्यांची नॉन-इंटरॅक्टिव्हच्या टॅबमध्ये. दोन्हीकडे पाहिलं की आयपी पत्ता मिळतो. पत्ता तुमच्याच एका सर्व्हरचा निघाला, तर त्या सर्व्हरचं शेड्यूल्ड टास्कचं पान उघडा आणि लॉगमधल्या वेळांशी जुळवा. सर्वाधिक वेळ खातो तो हा भाग. इथे घाई केली की पुढचं सगळं डळमळतं.

हे साइन-इन लॉग मोफत स्तरावर 7 दिवस आणि प्रीमियम परवान्यावर 30 दिवस राहतात. जास्त काळाचे हवे असतील तर ते ‘लॉग ॲनालिटिक्स’ या मायक्रोसॉफ्टच्या लॉग साठवणाऱ्या सेवेकडे किंवा स्टोरेजकडे वळवावे लागतात, आणि वळवल्यानंतरचेच साठतात. म्हणून यादी सावकाश करायची असली तरी लॉग वळवायचं काम पहिल्याच दिवशी उरकून घ्या.

दुसरा धागा परवानग्यांचा. ज्यांच्याकडे ‘फुल ॲक्सेस ॲज ॲप’ किंवा ‘ईडब्ल्यूएस ॲक्सेस ॲज युजर ऑल’ (लॉगिन केलेल्या माणसाच्या वतीने ईडब्ल्यूएस वापरण्याची परवानगी) आहे अशी सगळी ॲप एन्ट्रामधून काढा. वापरात नसलेली पण परवानगी बाळगून बसलेली ॲप लॉगमध्ये दिसत नाहीत, इथेच सापडतात. खरं तर तीच जास्त धोक्याची.

तिसरा धागा कोडचा. रिपॉझिटरीमध्ये (कोड साठवायच्या जागेत) ‘ईडब्ल्यूएस मॅनेज्ड एपीआय’ या तयार लायब्ररीचं नाव शोधा, पायथनमध्ये ‘एक्स्चेंजलिब’ ही लायब्ररी शोधा, आणि ‘एक्स्चेंज डॉट एएसएमएक्स’ने संपणारा ईडब्ल्यूएसचा पत्ता शोधा. पॉवरशेलच्या (मायक्रोसॉफ्टच्या कमांड-भाषेतल्या) स्क्रिप्ट रिपॉझिटरीत नसतात, कुणाच्या तरी सर्व्हरवरच्या फोल्डरमध्ये असतात. तिथेही शोध चालवा.

चौथा धागा कोणत्याही लॉगमध्ये नाही: वर्षातून एकदाच चालणारी कामं. वर्षअखेरीचा हिशेब, ऑडिटसाठी मेल काढून देणं, जुन्या मेलबॉक्सचं आर्काइव्ह. प्रत्येक विभागाला ‘ईडब्ल्यूएस वापरता का’ असं विचारू नका. त्यांना ते माहीत असण्याचं कारण नाही. ‘मेल किंवा कॅलेंडर आपोआप वाचणारं, पाठवणारं, कुठेतरी नोंदवणारं काही आहे का?’ असं विचारा. मीटिंग रूमच्या दारावरचे डिस्प्ले, तक्रारीच्या मेलवरून तिकीट तयार करणारी सिस्टिम, सीआरएमची (ग्राहकांच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची) कॅलेंडर जोडणी, बॅकअपचं सॉफ्टवेअर, मेलखालच्या सह्या सांभाळणारं टूल, व्हॉइसमेल इनबॉक्समध्ये टाकणारी फोन यंत्रणा अशी उत्तरं यायला लागतील. मॅक वापरणारे कुणी असतील तर त्यांचीही वेगळी नोंद ठेवा. मॅकवरचं ॲपल मेल आणि कॅलेंडर एक्स्चेंज खात्यांसाठी ईडब्ल्यूएस वापरत आलं आहे, आणि मॅकसाठीच्या जुन्या आउटलुकचंही तसंच. तिथे कोड लिहायचा नसतो. ॲपची नवी आवृत्ती किंवा नवं आउटलुक देणं, एवढाच मार्ग.

दुसरी पायरी: मालक आणि निर्णय

यादीतल्या प्रत्येक ओळीसमोर एका माणसाचं नाव हवं. ‘आयटी’ किंवा ‘अकाउंट्स विभाग’ हे नाव नव्हे. मालक सापडतच नसेल तर तोही एक निष्कर्ष आहे: ती जोडणी बंद करून बघायच्या गटात जाते. ते कसं करायचं, पुढे येईलच.

मग निर्णय. मार्ग मोजकेच आहेत: काढून टाका, व्हेंडरकडून नवी आवृत्ती घ्या, स्वतः पुन्हा लिहा, किंवा दुसरं साधन वापरा. माझा कल पहिल्याकडे असतो. अशा यादीतल्या बऱ्याच जोडण्या आता कुणालाच नको असतात, पण विचारल्याशिवाय तसं कुणी सांगत नाही. रोज रात्री कुणाच्यातरी इनबॉक्समधून अटॅचमेंट उपसून शेअर्ड फोल्डरमध्ये टाकणारी स्क्रिप्ट असते, आणि तो फोल्डर कुणी उघडतच नसतं.

व्हेंडरला लिहिताना प्रश्न नेमके ठेवा. ग्राफवर चालणारी आवृत्ती कोणती? ती आमच्या परवान्यात येते का? तिला ग्राफच्या कोणत्या परवानग्या लागतात? ‘आमची टीम यावर काम करते आहे’ हे उत्तर आलं तर ती ओळ लाल रंगातच ठेवा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘सगळ्या मेलबॉक्सवर वाचन-लेखन’ असं आलं आणि टूल फक्त मीटिंग रूम बुक करणारं असेल, तर तिथेच अडवा.

काही मेलबॉक्स क्लाउडमध्ये आणि काही स्वतःच्या सर्व्हरवर असतील, तर हायब्रिडसाठी यादीत एक ओळ वाढवा. सर्व्हरवरच्या माणसाला क्लाउडमधल्या माणसाचा मोकळा-व्यग्र वेळ दिसतो तो आजवर ईडब्ल्यूएसवरूनच विचारला जात आला. त्यासाठी आता एन्ट्रामध्ये स्वतंत्र हायब्रिड ॲप लागतं, आणि सर्व्हरवर एप्रिल 2025 चं हॉटफिक्स किंवा त्यानंतरचं अपडेट. एक्स्चेंज 2016 आणि 2019 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपलेला आहे, त्यामुळे सर्व्हर ठेवायचाच असेल तर सबस्क्रिप्शन एडिशन या नव्या आवृत्तीचा विषय याच बैठकीत काढा.

तिसरी पायरी: परवानग्या, कोडच्या आधी

परवानग्यांचा विचार कोड लिहून झाल्यावर केला तर डेव्हलपर सगळ्यात मोठी परवानगी मागून मोकळे होतात आणि ती तशीच राहते. ग्राफमध्ये परवानग्या बारीक आहेत: मेल वाचणं वेगळं, लिहिणं वेगळं, पाठवणं वेगळं, कॅलेंडर वेगळं. शिवाय प्रत्येकीचे दोन प्रकार. ‘डेलिगेटेड’ म्हणजे लॉगिन केलेल्या माणसाच्या वतीने, त्याला जेवढं दिसतं तेवढंच. ‘ॲप्लिकेशन’ म्हणजे माणसाशिवाय, ॲपच्या स्वतःच्या ओळखीवर. हा दुसरा प्रकार एन्ट्रामध्ये मंजूर केला की तो आपसूक सगळ्या मेलबॉक्सना लागू होतो. मेल वाचणारी परवानगी छोटी वाटते, पण व्याप्ती संपूर्ण टेनंटची.

व्याप्ती आवळायचं साधन एक्स्चेंज ऑनलाइनमध्ये आहे: आरबॅक फॉर ॲप्लिकेशन्स, म्हणजे ॲपना भूमिकेनुसार परवानगी देणं. मेलबॉक्सचा एक स्कोप ठरवायचा, उदाहरणार्थ फक्त तक्रारींचे मेलबॉक्स, आणि ॲपला तेवढ्यावरच भूमिका द्यायची. पण यात एक मेख आहे. इथली परवानगी आणि एन्ट्रामधली परवानगी यांची बेरीज होते. एन्ट्रामध्ये आधीच सगळ्या मेलबॉक्सवरची मंजुरी दिलेली असेल, तर इथे कितीही नेमका स्कोप ठरवा, ॲपला सगळं दिसतच राहील. एन्ट्रामधली मंजुरी काढावीच लागते. काढल्यावर ‘टेस्ट-सर्व्हिसप्रिन्सिपलऑथोरायझेशन’ या कमांडने दोन मेलबॉक्स तपासा: एक स्कोपमधला, एक बाहेरचा. बाहेरच्याला नकार आला तरच स्कोप बरोबर बसला; एन्ट्रामधली मंजुरी मात्र ही कमांड बघत नाही.

चौथी पायरी: कोड बदलताना

ग्राफ म्हणजे साधं रेस्ट आणि जेसन, म्हणजे वेब पत्त्यावर विनंती आणि सुटसुटीत मजकुरात उत्तर. मेल शोधणाऱ्या ‘फाइंडआयटम’च्या लांबलचक एक्सएमएलऐवजी एका पत्त्यावर विनंती करायची, एवढं समजलं की पहिली चाचणी तासाभरात उभी राहते. त्रास त्यानंतर सुरू होतो, कारण ग्राफची काही डीफॉल्ट वागणूक चाचणीत कळून येत नाही.

सगळ्यात फसवी गोष्ट पानांची. मेलची यादी मागितली की ग्राफ एका वेळी फक्त 10 मेल देतं आणि सोबत पुढच्या पानाचा दुवा. चाचणीच्या मेलबॉक्समध्ये पाच-सात मेल असतात, सगळं छान चालतं. खऱ्या मेलबॉक्सवर गेलं की पहिले दहा मेल घेऊन प्रोग्रॅम समाधानाने थांबतो. एरर नाही, लॉगमध्ये काही नाही. अकराव्या मेलवाल्याची तक्रार मात्र कुणाकडेच नोंदवली जात नाही. म्हणून चाचणीचा मेलबॉक्स मुद्दाम काही हजार मेलनी भरा.

तसंच वेळेचं. कॅलेंडरच्या वेळा ग्राफ डीफॉल्टने यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेत, देतं. दुसरा टाइमझोन हवा तर विनंतीच्या हेडरमध्ये (सोबत जाणाऱ्या सूचनांमध्ये) तसं सांगावं लागतं. नाही सांगितलं तर मीटिंग रूमच्या डिस्प्लेवर बैठकी भलत्याच वेळी दिसतात, आणि दिवसभर चालणाऱ्या नोंदी आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी सरकतात.

आयडींचा प्रश्न ज्यांच्या डेटाबेसमध्ये जुने आयडी साठवलेले आहेत त्यांना भेडसावतो. ईडब्ल्यूएसचा आयडी ग्राफमध्ये जसाच्या तसा चालत नाही. भाषांतरासाठी ग्राफमध्ये ‘ट्रान्सलेटएक्स्चेंजआयडीज’ ही सोय आहे, एका वेळी 1000 पर्यंत. ईडब्ल्यूएस चालू असतानाच हे रूपांतर करून, नव्या आयडीने खरंच तोच मेल उघडतो का ते ताडून बघा. आणि रूपांतर करताच आहात तर अपरिवर्तनीय प्रकारचा आयडी घ्या, कारण साधा आयडी मेल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवला की बदलतो.

वेगावर मर्यादा आहेत. एका ॲपला एका मेलबॉक्सवर 10 मिनिटांत 10,000 विनंत्या आणि एकाच वेळी चार. मर्यादा ओलांडली की 429 क्रमांकाचं उत्तर येतं आणि किती सेकंद थांबायचं ते हेडरमध्ये असतं. ते वाचून थांबणारा कोड लिहा. ताबडतोब पुन्हा विचारणारा कोड स्वतःलाच गाळात घालतो. अनेक विनंत्या एकत्र बांधून पाठवता येतात, एका गठ्ठ्यात 20 पर्यंत, पण एकाच मेलबॉक्सच्या चार समांतर विनंत्यांची अट तिथेही सुटत नाही. अटॅचमेंट 3 एमबीपर्यंत थेट जाते, त्यापुढे 150 एमबीपर्यंत अपलोड सेशन उघडून तुकड्यांत पाठवावी लागते.

नवीन मेल आला की लगेच कळावं यासाठी ईडब्ल्यूएसमध्ये स्ट्रीमिंग होतं: तुमचा प्रोग्रॅम बाहेर जोडणी उघडून ऐकत बसायचा. ग्राफमध्ये दिशा उलटी. तिथे सबस्क्रिप्शन नोंदवायचं आणि ग्राफ तुमच्या पत्त्यावर येऊन निरोप देतं. म्हणजे इंटरनेटवरून पोचता येईल असा एचटीटीपीएस पत्ता हवा, आणि नोंदणीच्या वेळी आलेलं टोकन 10 सेकंदांत परत द्यायला हवं. फायरवॉलमागच्या सर्व्हरसाठी ही सुरक्षा विभागाशी करायची चर्चा आहे, डेव्हलपरने एकट्याने सोडवायची नव्हे. सबस्क्रिप्शनची मुदत काही दिवसांचीच असते, ती वेळेत वाढवावी लागते. निरोप हुकले तर भरपाईसाठी डेल्टा क्वेरी (मागच्या वेळेनंतर काय बदललं एवढंच विचारणारी विनंती) जोडीला ठेवा. अर्ध्या तासाने मेल कळला तरी चालत असेल, तर सरळ डेल्टा क्वेरीच वापरा आणि ही सगळी कटकट टाळा.

पब्लिक फोल्डर, ऑनलाइन आर्काइव्ह, फोल्डरमधल्या लपलेल्या सेटिंग नोंदी यांना हात लावणारं काही असेल तर कोड लिहायच्या आधी ग्राफच्या डॉक्युमेंटेशनमध्ये त्या क्रियेला पर्याय आहे का ते पाहा. आउटलुकच्या ॲड-इनमधून थेट ईडब्ल्यूएस विनंती करण्याचीही एक पद्धत आहे. तीही शोधा, ती सर्व्हरच्या कोडमध्ये सापडणार नाही.

पाचवी पायरी: आपण होऊन बंद करून बघा

मायक्रोसॉफ्टची तारीख येण्याआधी आपली तारीख. ती आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी, माणसं जागेवर असताना ठेवा. महिनाअखेर टाळा.

ॲपच्या बाबतीत एन्ट्रामधून तेवढी ईडब्ल्यूएसची परवानगी काढा. लगेच काही घडलं नाही म्हणून हुरळून जाऊ नका. हातातलं टोकन संपेपर्यंत, बहुधा तास-दीड तास, जुनी जोडणी चालतच राहते. माणसांच्या डेस्कटॉपवरच्या प्रोग्रॅमसाठी ‘सेट-कॅसमेलबॉक्स’ या पॉवरशेल कमांडने एकेका मेलबॉक्सचं ईडब्ल्यूएस बंद करता येतं. आधी आयटीतले मेलबॉक्स, मग एखादा स्वयंसेवक विभाग. संपूर्ण संस्थेसाठीचा स्विचही आहे, पण त्याने मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या काही ॲपवरही परिणाम होऊ शकतो, म्हणून तो सगळ्यात शेवटी.

प्रत्येक बंद-चाचणीआधी उलट फिरवायची कमांड लिहून ठेवा आणि हेल्पडेस्कला कळवा. कळवताना ‘ईडब्ल्यूएस निवृत्ती’ असं लिहून उपयोग नाही. ‘आज सकाळपासून रूम डिस्प्ले, कॅलेंडर जोडणी किंवा मॅकवरच्या मेलची तक्रार आली तर अमुक व्यक्तीला फोन करा’ असं लिहा. मालक न सापडलेल्या जोडण्याही याच पद्धतीने एकेक करून बंद करायच्या. मालक असेल तर तो दुपारपर्यंत स्वतःहून येतो. महिनाभर कुणीच आलं नाही तर पुढे जा, फक्त वार्षिक कामांची यादी पुन्हा एकदा चाळून.

सहावी पायरी: मागची आवराआवर

नवी जोडणी चालायला लागली की जुनी परवानगी, जुनं क्लायंट सीक्रेट (ॲपचा स्वतःचा पासवर्ड) आणि वापरात नसलेलं ॲप रजिस्ट्रेशन त्याच आठवड्यात काढा. ‘असू दे, लागलं तर’ म्हणून ठेवलेलंच ॲप पुढे कुणाच्यातरी हाती लागतं. नव्या ॲपना शक्य तिथे सीक्रेटऐवजी सर्टिफिकेट द्या. पोर्टलमधून बनवलेलं सीक्रेट जास्तीत जास्त 24 महिने चालतं आणि संपताना एका माणसाच्या मेलवर सूचना येईल या भरवशावर राहता येत नाही. मुदतीची तारीख शेअर्ड कॅलेंडरमध्ये टाका, स्मरणपत्र दोन महिने आधीचं, आणि नोंदीत ॲपचा आयडी, तो कोणता मेलबॉक्स वापरतो आणि नवं सर्टिफिकेट कुठे बसवायचं तेवढं लिहा.